आधी धार, मग सौदा

खंडेवाडीच्या जनावरांच्या बाजारात मनकर्णाला ‘धारवाली’ म्हणायचे, आणि हे नाव काही मायेनं ठेवलेलं नव्हतं. आसारामच्या चहाच्या टपरीवर ती दिसली की कुणीतरी ग्लास वर उचलून विचारायचं, “मावशी, धार काढायची ऱ्हायली का?” आणि बाकीचे खिदळायचे. मनकर्णा हसत नव्हती आणि चिडतही नव्हती. चिडून घरी बसली असती तर तेच त्या लोकांना हवं होतं, म्हणून ती दर बाजाराला न चुकता यायची.

हे सगळं सुरू झालं एका गायीवरून. मागं तिनं याच बाजारातून एक गाय घेतली होती. कास अशी की कळशी भरून लावलीय. विकणारा हेडी, म्हणजे गायीगुरांचा दलाल, छातीवर हात ठेवून सांगत होता की घरी नेऊन बादली मोठी घ्या. पहिल्या दिवशी बादली भरली. दुसऱ्या दिवशी अर्धी. मग कास दगडासारखी टणक झाली, दोन सड कायमचे मेले आणि गाय स्वतःच्या वासराला लाथा मारायला लागली. डॉक्टरांनी कास दाबून पाहिली आणि सरळ सांगितलं, ही तुंबवलेली गाय आहे.

बाजारात या शब्दाला कुणी दचकत नाही. शिंगांना रंग देणं, तसं कास तुंबवणं. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी धार काढायची, की मग विकेपर्यंत काढायचीच नाही. वासरू लांब बांधायचं. दूध गळायला लागलं तर सडाच्या तोंडाला चिकटवायचं सोल्युशन लावायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाय पाय फाकून उभी राहते, बसू शकत नाही, डोळे पाण्यानं भरलेले, आणि घेणारे म्हणतात, काय कास आहे. मनकर्णानं स्वतः हेच म्हणत ती गाय घेतली होती, म्हणून तिला हेड्यापेक्षा जास्त राग स्वतःचा आला.

ती पोलीस चौकीत गेली. बन्सी हवालदार तिच्या माहेरकडचा, माणूस वाईट नाही. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की बाई, कायदा आहे, पण फार जुना आहे. जनावराला छळलं म्हणून पहिल्यांदा सापडला तर दंड पन्नास रुपये. त्याच्यावर नाही.

“पन्नास?” मनकर्णानं विचारलं. “माझी एक बस चुकली तरी रिक्षाला यापेक्षा जास्त जात्यात.”

“मी केलाय का कायदा?” बन्सी म्हणाला.

तिथून ती थेट तिसगावला एंजेलाबाईंकडे गेली. एंजेलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मनकर्णाच्या मुलाला, रविराजला, चौथीत त्यांनीच शिकवलं होतं. पांढरी साडी, मोठा चष्मा, आणि कुणी खोटं बोललं तर अजूनही ‘हात पुढे कर’ म्हणतील असा आवाज. बाईंनी कायदा आणवून वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मनकर्णा, इथे रडून उपयोग नाही. कायदाच बदलून मागायला पाहिजे.” तेव्हापासून दोघींची जोडी जमली. मागणी साधी होती. प्रत्येक बाजाराच्या दारात गायीची धार काढायची, मगच आत सोडायची. आणि कायद्यात ‘तुंबवणं’ हा गुन्हा नावानिशी लिहायचा, त्याला तुरुंग ठेवायचा. बाई त्याला लांबलचक शीर्षक देत होत्या. मनकर्णानं ते चार शब्दांत बसवलं: आधी धार, मग सौदा.

गावोगावी सह्या मागताना मनकर्णाचं भाषण एकच असायचं. बायका ओट्यावर जमल्या की ती म्हणायची, “एष्टीत बसलाय. लागलीय. डायव्हर गाडी थांबवंना. आता तसंच उद्या दुपारपतूर बसून ऱ्हावा, वर चार मान्सं येऊन तुमचं पोट दाबून बघनार, आन् म्हननार, वा, काय भरलीय.” बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हसणं थांबायचं आणि कुणीतरी आधी हात पुढे करायचं. एंजेलाबाईंना हे उदाहरण सुरुवातीला फार चावट वाटलं होतं. पण एका रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात त्यांनी स्वतःच ते सांगितलं, आणि पाळकसाहेबांनीही सही केली.

पुरुषांना मात्र हसू यायचं नाही. ते म्हणायचे, सगळेच तुंबवतात. एकट्यानं धार काढून गाय नेली तर तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. हे खोटं नव्हतं. “म्हणूनच तर कायदा मागतोय,” एंजेलाबाई म्हणायच्या. “एकट्यानं चांगलं वागलं तर तो बुडतो. सगळ्यांना एकदमच वागायला लावलं तर कुणी बुडत नाही.”

त्या उन्हाळ्यात कळलं की बाजारातल्या नव्या पाण्याच्या हौदाचं उद्घाटन करायला आमदारसाहेब येणार आहेत, तेही भर बाजाराच्या दिवशी. एंजेलाबाईंनी कुठून कुठून फोन लावून निवेदन द्यायची वेळ मागून घेतली. उरलेल्या गावांच्या सह्या घ्यायला दोघी आदल्या दिवशीच बाहेर पडल्या, आणि मनकर्णा रात्री बाईंकडेच मुक्कामाला राहिली. निघताना तिनं रविराजला सांगितलं होतं, “गोदीची धार येळंवर काढ. तिला उशीर चालत न्हाई.”

गोदी म्हणजे घरची कालवड, मनकर्णाच्या हातावर वाढलेली, आता दुसऱ्या वेताची गाय. रविराजला ती विकायची होती. त्याला पिकअप घ्यायची होती, भाजीपाला वाहायचा होता, आणि तरण्या माणसानं काही करायचं ठरवलं तर आईनं आडवं यावं असं मनकर्णाला वाटत नव्हतं. “ईक,” ती म्हणाली होती, “पन मला सांगून ईक.” बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तिनं घरी फोन केला तर सून, निकिता, बोलली. “धार काढली का गं?” मनकर्णानं विचारलं. निकिता जरा थांबली आणि म्हणाली, “व्हय आत्या, काढली.” त्या थांबण्याकडं लक्ष द्यायला हवं होतं. पण समोर बायका सह्या करायला थांबल्या होत्या, आणि मनकर्णानं फोन पिशवीत टाकला.

बाजाराच्या दिवशी दोघी टेम्पोनं खंडेवाडीला उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. हौदाला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत होता. मनकर्णानं नवीन लुगडं नेसलं होतं. सह्यांचा गठ्ठा एंजेलाबाईंच्या छातीशी होता. दोघी गायींच्या रांगेजवळून जात होत्या, आणि मनकर्णाला हंबरणं ऐकू आलं.

बाजारात शेकड्यानं गायी हंबरत असतात. पण स्वतःच्या गायीचा आवाज बाईला कळतो, तसा तिला कळला. ती थांबली. रांगेच्या टोकाला, लिंबाच्या सावलीच्या जरा बाहेर, गोदी उभी होती. शिंगांना हिंगूळ, गळ्यात नवी घंटा. मागचे पाय फाकलेले. कास इतकी ताणलेली की तिच्यावरच्या शिरा बोटाएवढ्या सुजल्या होत्या आणि कातडी चकाकत होती. सडांच्या तोंडाशी वाळलेल्या सोल्युशनचे पिवळे ठिपके होते.

मनकर्णा गावोगाव तुंबवण्याविरुद्ध सह्या गोळा करत होती, नेमकी तेव्हा तिच्या गोठ्यात तिची गाय तुंबवली जात होती. बाहेर पडायला दिवस कोणता धरला होता तिनं! तिला रडू आलं नाही, आधी लाज आली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला.

गोदीच्या पलीकडं रविराज एका म्हाताऱ्याशी हातात हात देऊन उभा होता. दोघांच्या हातावर टॉवेल टाकलेला, त्याखाली बोटं दाबून किंमत ठरत होती. खंडेवाडीत किंमत तोंडानं बोलत नाहीत. म्हाताऱ्याचं नाव सहादेव. त्याची बायको मालनबाई शेजारी नवी कोरी स्टीलची बादली घेऊन उभी होती. बादलीला हळदीकुंकू लावलं होतं. घरी गाय येणार म्हणून बाईनं बादली आधीच पुजली होती. मधे उभा होता गोरक्षनाथ, बाजारातला सगळ्यात मोठा हेडी, आणि बाजार समितीत त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही.

रविराजनं आईला पाहिलं आणि त्याची बोटं टॉवेलाखाली थांबली.

“आई, तू तर तिकडनं… हौदाकडं जानार हुतीस ना,” तो म्हणाला.

“तुला कुनी शिकिवलं हे?” मनकर्णानं विचारलं.

रविराज गोरक्षनाथाकडं बघायला लागला. गोरक्षनाथानं सहादेवला “जरा थांबा, पाव्हणं” म्हटलं आणि मनकर्णाला बाजूला लिंबाखाली बोलावलं. एंजेलाबाईही मागोमाग आल्या. गोरक्षनाथ आणि मनकर्णाचे दिवंगत धनी एकाच तालमीतले, त्यामुळे तो तिला वहिनी म्हणायचा. आवाज चढवून तो कधी बोलत नसे, आणि त्याला तशी गरजही पडत नसे.

“वहिनी, मी आडपडदा ठेवत न्हाई,” तो म्हणाला. “पोरानं इचारलं, गायीला गिऱ्हाईक कसं मिळंल. मी सांगितलं. सगळ्यांनाच सांगतो. आता तुमचं बघू. ते दारातल्या धारंचं आज आमदारसाहेबांसमोर समितीच्या ठरावात मांडायचं का न्हाई, हे माझ्या हातात हाय. मांडतो. पुढच्या बाजारापास्नं लागू. तुमच्या नावानं टाळ्या वाजिवतो. तुमी फक्त आता त्या गायीकडं बघू नका. सौदा हुऊ द्या.”

“आन् बघितलं तर?”

“तर बाजार हासंल. धारवालीच्याच गोठ्यातली गाय तुंबलेली. मग तो ठराव मांडायला मला तरी तोंड ऱ्हाईल का? तुमीच सांगा.”

एंजेलाबाईंनी गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मनकर्णा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हा म्हणतोय ते खोटं नाही. ठराव झाला तर दर बाजाराला किती गायी सुटतील, विचार कर. रविराजला मी घरी जाऊन बघते. कान धरीन त्याचा.”

खोटं कशाला सांगायचं, मनकर्णाच्या मनात ‘हो’ आलं होतं. एवढ्या दिवसांची पायपीट, एवढी थट्टा, आणि समोर ठराव. तोंडातून एक शब्द काढायचा नव्हता, फक्त मान वळवायची होती. पोरगा वाचत होता, अब्रू वाचत होती, आणि पुढच्या गायीही वाचत होत्या. तिनं सहादेव आणि मालनबाईकडं पाहिलं. मालनबाई गोदीच्या पाठीवर हात फिरवत होती आणि हसत होती. उद्या ती बादली अर्धी भरणार होती, परवा त्यात रक्त येणार होतं. गोदी पुन्हा हंबरली. या खेपेला आवाज बारीक आला, शेवटी तुटला.

“बाई,” मनकर्णा म्हणाली, “आपन ठराव कुनासाठी मागतोय? गायीसाठीच ना? मग गाय ही काय समोर उभी हाय.”

“पण…”

“आज हिच्यावर टावेल टाकून ठराव घेतला, तर उद्या त्या ठरावावर टावेल टाकायला ह्यांना किती येळ लागंल?”

एंजेलाबाईंनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, “जा. मी आहे.”

मनकर्णानं पदर कमरेला खोचला आणि मालनबाईसमोर जाऊन हात पुढे केला. “बादली द्या बाई.”

“का हो?” मालनबाईनं विचारलं.

“गाय माझी हाय. ही काल सकाळपास्नं तुंबवलीय. तुमाला फशिवलंय. माझ्या पोरानं फशिवलंय.”

हे ती एवढ्या मोठ्यानं बोलली की रांगेतल्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी वळून पाहिलं. रविराजचं तोंड पांढरंफटक पडलं. “आई, सौदा झालाय,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“झाला आसंल. धार न्हाई झाली.”

ती गोदीच्या पोटाशी उकिडवी बसली आणि कासेला हात लावला. तिच्या हाताला आजवर कधी न झटकणाऱ्या गोदीनं लाथ घातली. मनकर्णा मागं शेणात पडली. नवीन लुगडं बरबटलं. आता मात्र बाजार हसला, पोटभर हसला. कुणीतरी ओरडलं, “धारवालीच्या घरातच धरण भरलंय की.”

मनकर्णा उठली. “व्हय,” ती त्या आवाजाच्या दिशेनं म्हणाली. “माझ्याच घरातलं हाय. या बघायला. जवळ या. लांबनं काय हासता?”

सडांना लावलेलं सोल्युशन कोरड्या नखानं निघत नव्हतं. कोमट पाणी हवं होतं. कुणाला मागावं म्हणून तिनं मान वर केली तर समोर टपरीवाला आसाराम किटली घेऊन उभा होता. दर बाजाराला तिच्या नावानं विनोद व्हायचे ते याच्याच टपरीवर. त्यानं किटलीतलं पाणी हातावर घेऊन पाहिलं आणि तिच्या ओंजळीत ओतलं. तिनं एकेक सड भिजवला, पिवळा पापुद्रा सोलला. गोदीची कातडी थरथरत होती. मनकर्णानं कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि घरात बोलतात तसं बोलायला लागली. गोदे, मी हाय गं. उशीर झाला मला. मी हाय.

बऱ्याच वेळानं पान्हा सुटला. पहिली धार बादलीच्या स्टीलवर वाजली तेव्हा जवळ आलेली माणसं आणखी जवळ आली. दूध आलं, मग गुठळ्या आल्या, मग एका सडातून गुलाबी पाणी आलं. मालनबाईनं स्वतःच्या पुजलेल्या बादलीत ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. सहादेवनं रविराजच्या हातावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. आता कुणी हसत नव्हतं.

तेवढ्यात गाड्या आल्या. फटाके वाजले, माईकवाला घसा फोडायला लागला. पण हौदाजवळ माणसंच नव्हती, सगळा बाजार गोदीभोवती होता. आमदारसाहेबांचा एक कार्यकर्ता गर्दीतून वाट काढत आला. “मावशी, उठा, बाजूला व्हा, साहेब आलेत.”

“साहेबांना म्हनावं थांबा,” मनकर्णा मान न वळवता म्हणाली. “पान्हा सुटल्यावर आर्ध्यात उठता येत न्हाई.”

कार्यकर्त्यानं हे साहेबांना कसं सांगितलं देव जाणे, पण साहेब स्वतः आले. गळ्यात हार, कपाळाला गंध, मागं गोरक्षनाथ. त्यांना वाटलं असेल, बाई उठेल, नमस्कार करेल. मनकर्णानं चारही सड मोकळे होईपर्यंत धार काढली. साहेब उन्हात उभे राहिले. मग ती उठली, दुधानं आणि शेणानं भरलेले हात लुगड्याला पुसले आणि एंजेलाबाईंकडून गठ्ठा घेतला.

“हे निवेदन हाय,” ती म्हणाली. “बाई वाचून दावतील. पन त्याच्या आधी माझी एक तक्रार हाय. बन्सीभाऊ, इकडं या. ल्ह्या. गाय तुंबवली म्हनून. आरोपी रविराज. माझा पोरगा.”

बन्सी हवालदार बंदोबस्ताला आला होता, तो पार गोंधळला. “अगं बाई, पन दंड…”

“किती दंड, ते साहेबांना ऐकू जाईल असं सांगा.”

बन्सीनं साहेबांकडं पाहिलं, गोरक्षनाथाकडं पाहिलं. “पन्नास रुपये,” तो म्हणाला. “फार तर.”

रविराज इतका वेळ दगडासारखा उभा होता. आता त्याचा आवाज फुटला. “आई, पोटच्या पोराला पोलिसात देतीस?”

“देते,” मनकर्णा म्हणाली. “पन्नास रुपयांत सुटून तू सांजच्याला घरी जेवाया येशील. तेच तर माझं दुखनं हाय, रवी.”

साहेब अनुभवी होते. त्यांनी निवेदन दोन्ही हातांनी घेतलं, फोटो निघाला, अधिवेशनात प्रश्न मांडतो म्हणाले. “कंच्या?” मनकर्णानं विचारलं. ते हसले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. ठराव त्या दिवशी मांडला गेला नाही. गोरक्षनाथानं शब्द पाळला, एवढं मानायला पाहिजे.

गोदी घरी आली. एक सड गेला तो गेलाच. रविराज तालुक्याला जाऊन दंड भरून आला आणि घरात आईशी बोलेनासा झाला. निकिता मात्र पहिल्याच संध्याकाळी सासूच्या पायाशी येऊन बसली. “आत्या, फोनवर मी…” एवढंच म्हणाली आणि रडली. मनकर्णानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला सुनेवर रागावायचं होतं, पण त्या पोरीनं नवऱ्यापुढं काय बोलावं अशी तिची अपेक्षा होती, ते तिचं तिलाच सांगता येईना.

रविराजला आईचं बोलणं लागलं नव्हतं, गोदीचं वागणं लागलं. तो गोठ्यात शिरला की गोदी दाव्याला ताण देऊन भिंतीकडं सरकायची. तिच्या अंगावर काटा यायचा. तो वैरण टाकायचा, ती तो गेल्यावर खायची. ती वासरू असताना याच गोठ्यात तो तिच्या गळ्यात पडून झोपला होता. एके दिवशी मनकर्णानं पाहिलं, तो मेलेल्या सडाला गरम पाण्याच्या फडक्यानं शेक देत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता उपयोग नाही, आणि त्यालाही ते माहीत होतं. ती आत गेली नाही, दारातूनच माघारी फिरली.

पुढच्या बाजाराला मनकर्णा बादली घेऊन खंडेवाडीच्या दारात बसली. गोरक्षनाथ म्हणाला, “वहिनी, असा काही नियम न्हाई.”

“नसू द्या. मी हाय.”

कुणी धार काढू दिली, बऱ्याच जणांनी शिव्या दिल्या. एकदा तिची बादली कुणीतरी गाडीखाली घातली, तिनं दुसरी आणली. मालनबाई मात्र नवऱ्याला घेऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, इथं धार काढलेलीच गाय बघू. तिच्यामागं आणखी दोन घेणारे उभे राहिले. तिकडं अधिवेशन येऊन गेलं, प्रश्न काही आला नाही. एंजेलाबाईंनी पत्रं पाठवली, उत्तरात पोच आली. तेव्हा मनकर्णा म्हणाली, कागद लई झाले, आता आपणच जाऊ.

नगरला जिल्हा कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरलं. सोमवारी सकाळी बायका फाटकाबाहेर जमल्या, तिसगावकडच्या, चर्चमधल्या, बाजारातल्या. प्रत्येकीच्या हातात रिकामी बादली होती. एंजेलाबाई उन्हात टोपी घालून उभ्या होत्या. मनकर्णा घोषणा द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात एक भाड्याची पिकअप येऊन थांबली. मागं खाली जाड भुस्सा पसरलेला, बाजूला पाण्याची टाकी, आणि मधे एकटीच गाय. गोदी. ड्रायव्हरशेजारून रविराज उतरला. त्यानं फळी लावली, गोदीला सावकाश खाली घेतलं. ती त्याच्यामागून आली. कास सैल होती, पहाटेची धार काढलेली. तीन सडांची ती कास सगळ्यांना दिसत होती.

तो आईकडं आला नाही. दावं हातात धरून बायकांच्या पुढं जाऊन फाटकाशी उभा राहिला. फाटकावरच्या शिपायानं काठी आडवी केली.

“जनावर आत न्हाई न्यायचं. कशाचा मोर्चा हाय हा?”

“गाय तुंबवल्याचा,” रविराज म्हणाला.

“कुनी तुंबवली?”

“मी.”

शिपायाला वाटलं थट्टा चाललीय. त्यानं रविराजकडं वर खाली पाहिलं. “मग तू आत असायला पायजे, हितं काय करतोस?”

“तेच सायबांना इचारायचंय,” रविराज म्हणाला. “पन्नास रुपयांत मला सोडलंच कसं?”

शिपायानं काठी काढली नाही. मनकर्णानं बादली वर केली, आणि तिच्यामागं एकामागून एक सगळ्या बादल्या वर झाल्या. फाटकापुढं गोदी शेपटी हलवत उभी होती, आणि तिचं दावं रविराजच्या हातात होतं.